बिनमोटरची होडी

“मोटर नको म्हणजे नको,” कमलीबाईने ठणकावलं आणि नव्या होडीच्या कडेवर थाप मारली. पत्रा टणकन वाजला.

हेमराजने कपाळाला हात लावला. तो तापीकाठचा होडीवाला. टेम्पोवर होडी लादून अख्खा घाट ओलांडत नर्मदेच्या काठाला आला होता, आणि विकली तर विकली म्हणून मोटरही सोबत आणली होती. “मावशी, मोटरबिगर होडी म्हणजे बैलबिगर गाडी! घर लई जाईसन तिन्हं काय करशी?”

“वल्हवीन.”

“हाई धरणनं पानी शे. दुपारना वारा सुटना म्हणजे भल्याभल्यास्ना घाम निंघस.”

“निघू दे. मोटर पाण्यावर चालते का? डिझेल पिते. आणि आमच्या काठावर डिझेल कोणाकडे मिळतं, ते विचार की.”

विचारायची गरजच नव्हती. समोर उदेसिंगची बोट बाजारकरू भरत उभी होती. आसपासच्या साऱ्या पाड्यांत मोटरची बोट त्याची एकट्याची, डिझेलचे कॅनही त्याचेच. बाजार असो की दवाखाना, आधी उदेसिंगची मर्जी सांभाळा. कमलीबाईने ती सांभाळली नाही. भर ग्रामसभेत तिने विचारलं होतं, रेशनचं पोतं तुझ्या बोटीत चढताना गच्च आणि उतरताना ढिलं कसं रे? त्या दिवसापासून त्याची बोट तिच्या पाड्याला थांबेनाशी झाली.

होडी पाण्यात ढकलली. आत कमलीबाई, नवरा बाज्या आणि पुतण्या गोवाल. वल्ही चार, माणसं तीन, त्यात बाज्याचा एक खांदा कामातून गेलेला. आणि वाऱ्यालाही आत्ताच सुटायचं होतं! होडी काठापासून जरा आत गेली आणि तिथेच डुचमळत राहिली. वल्ही मारून मारून गोवालचा चेहरा लाल झाला.

मागून उदेसिंगची भरलेली बोट होडीच्या लगत आली. त्याने मोटर बंद केली आणि गालात हसत दोर फेकला. तो थेट बाज्याच्या मांडीवर पडला.

“बांध, काका. ओढत नेतो घरापर्यंत. फुकट!”

बाज्याने बायकोकडे पाहिलं. बिचाऱ्याला दोर बांधायचाच होता. पण बाजारात बैल घ्यायला जाताना दावं आपल्या घरून न्यायचं असतं, विकणाऱ्याचं घ्यायचं नसतं. दुसऱ्याच्या दाव्याने दारात आलेला बैल मनाने दुसऱ्याचाच राहतो. हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक. उदेसिंगला ठाऊक नसेल होय?

कमलीबाईने दोर उचलून परत भिरकावला.

“तुझं दावं तुझ्याजवळ ठेव.”

उदेसिंगचं हसू गेलं. “काकी, ताठा पुरे. सून दिवसांत आहे तुझी. कळा सुटल्या की रिनाला ह्या पत्र्यातून नेणार? बिनमोटरच्या?”

आता मात्र कमलीबाईच्या अंगाचा भडका उडाला.

“मागच्या खेपेला तुझी मोटर होती ना? रिना काठावर कळा देत पडली होती. मी डोक्यावरची फडकी काढून हलवत होते, बोंबलत होते. तू पाहिलंस आणि पाण्याच्या मधूनच निघून गेलास. माझा नातू गेला, उदेसिंग! मोटर वळत नसते रे. माणूस वळतो.”

बोटीतले बाजारकरू आपापल्या टोपल्यांत बघू लागले. त्या दिवशीही त्यांच्यातले काहीजण ह्याच बोटीत होते. कुणी तोंड उघडलं नव्हतं.

कमलीबाई हलत्या होडीत उभी राहिली. उदेसिंगकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मागच्या माणसांना तिने हाक दिली, “माझी लाह आहे! आज. आत्ता.”

लाह पुकारली की हातातलं काम टाकून जायचं. कुणाचं घर उभारायचं असो की शेत निंदायचं, मजुरी घ्यायची नाही; राबायचं आणि त्या घरी जेवायचं. डोंगरात हे बापजाद्यांपासून चालत आलेलं. पण लाह शेतात, अंगणात पुकारतात. भर पाण्यात ती आजवर कुणी पुकारली नव्हती.

उदेसिंग मोठ्याने हसला. “जा की, जा! पण जो उतरेल त्याने पुन्हा माझ्या बोटीचं तोंड बघायचं नाही. त्याच्या बायकोपोरांनीही नाही. साप चावला तरी नाही!”

लाटा दोन्ही बोटींवर थडाथड आपटत होत्या. बाज्याने मान खाली घातली.

मग चैत्या उठला. उदेसिंगच्याच पाड्यावरचा, त्याच्या शेजारच्या घरातला. मिठाची पिशवी खांद्याला लावत त्याने विचारलं, “जेवायला काय आहे, काकी?”

“ज्वारीची भाकर. उडदाची डाळ.”

“तिखट?”

“नाकातून पाणी येईल.”

“मग ठीक,” म्हणत त्याने उडी मारली आणि बाज्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं. त्याच्यामागे एक बाई कोंबडीसकट आली. मग दोघं भाऊ, मग एकेक करत सगळेच. एका म्हाताऱ्याला तर चौघांनी मिळून उचलून घेतलं. होडी पाण्यात चांगलीच बसली, पण तिचं डुचमळणं थांबलं. एकेका वल्ह्याला दोघं दोघं भिडले. कमलीबाईने “हां!” केलं, आणि वाऱ्याच्या नाकावर टिच्चून होडी पुढे सरकली.

उदेसिंगने मोटर सुरू केली, होडीला वळसा घालून तो भरधाव पुढे निघाला. बोटीत तो एकटाच होता.