एक आत, एक बाहेर

“दादा आत आहे,” धाकट्या भाच्याने दार उघडता उघडताच मावशीला सांगितलं.

म्हणजे थोरला! इतका शांत, इतका हुशार पोरगा!

बहीण फोनवर म्हणाली होती, “दोघांतला एक आत आहे गं. सिनेमे चोरून इंटरनेटवर वाटले म्हणे. कोर्टाने वर्षभर घरातच कोंडून घातलंय.” एवढं बोलून ती रडायला लागली. कुठला, हे मावशीने विचारलंच नाही. रडणाऱ्या आईला काय विचारायचं, की बाई, तुझा कुठला दिवटा वाया गेला?

खटलाही म्हणे घरबसल्या चालला. न्यायाधीश पडद्यावर, वकील पडद्यावर. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आता पायरीच उरली नाही म्हटल्यावर शहाण्याने करायचं काय?

बहीण दवाखान्यात पाळीवर गेली होती, संध्याकाळशिवाय यायची नव्हती. मावशीला दुपारच्या गाडीने परतायचं होतं, आणि तेही एकटीने नाही. तिचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. नवऱ्यामागे तिने ते हिमतीने चालवलं, पण आता हात थरथरायचे, बारीक स्क्रू दिसेनासे झाले होते. मूलबाळ नव्हतं. दोघांतला जो मोकळा असेल त्याला सोबत न्यायचं, दुकान त्याच्या हवाली करायचं, नाहीतर सरळ टाळं ठोकायचं, असं ठरवूनच ती आली होती.

धाकटा सोफ्यावर तंगड्या पसरून भिंतभर टीव्हीवर सिनेमा बघत होता. मधेच मोबाइल वाजला. त्याने तो तोंडासमोर धरला, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, फोटो काढून पाठवून दिला.

“किती रे कौतुक स्वतःच्या थोबाडाचं!”

“काय करणार मावशी, माझ्या थोबाडाला फार मागणी आहे.”

मावशीला हसू आलं. पोरगा लहानपणापासून असाच होता, बोलण्यात कुणाला हार न जाणारा.

“दिवसभर हेच चालतं का तुझं?”

“हेच. मी काय, रिकामाच असतो.”

मावशीने आतल्या खोलीचं दार हळूच ढकललं. थोरला दोन पडद्यांपुढे बसला होता, कानाला हेडफोन. पडद्याच्या डोक्यावर बटणाएवढा कॅमेरा. भाच्याचा चेहरा पार ओढलेला, दाढी वाढलेली.

“मावशी! आत नको येऊस, कॅमेऱ्यात दिसशील. मी विचारून बाहेर येतो.”

विचारून! आपल्याच घरात, स्वयंपाकघरापर्यंत यायला!

थोड्या वेळाने तो आला, उभ्या उभ्याच पाणी प्यायला. मावशीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हाडं हाताला लागत होती.

“खूप त्रास देतात का रे?”

“मारत नाहीत एवढंच.” तो कसानुसा हसला. “खुर्चीवरून उठलो की तिकडे घंटा वाजते. संडासात जरा वेळ लागला तरी कारण द्यावं लागतं. दुकान कसं आहे तुझं? अजून आठवतं मला, सुट्टीत तुझ्याकडे आलो की यंत्रं उघडून बसायचो. तेल लागलेले हात घेऊनच जेवायला यायचो आणि तुझे धपाटे खायचो.”

“येशील परत, सुटल्यावर.”

“सुटल्यावर!” त्याने पेला खाली ठेवला. “आज त्यांना उत्तर द्यायचंय. म्हणतात, अजून तीन वर्षं. एकदा हो म्हटलं की मधे सुटका नाही, लेखी बांधून घेतात.”

मावशी हबकली. बहिणीने वर्ष सांगितलं होतं. लाजेखातर कमी करून सांगितलं असणार.

“आणि नाही म्हणालास तर?”

“तर आजच सुटलो! खरं सांगू? मला नाहीच म्हणायचंय. जीव गुदमरतो गं. पण पुढे काय, तेच कळत नाही.”

मावशीला कायदा कळत नव्हता, पण वकिली पळवाटेचा वास तिला लांबूनही यायचा. आज पळवाटेने सुटेल आणि उद्या दुपटीने अडकेल. तिला त्याची भयंकर कीव आली आणि म्हणूनच ती कठोर झाली.

“असं अर्ध्यात सुटून चालतं का राजा? बाहेर येशील आणि तोंड लपवत हिंडशील. तीन तर तीन. खाली मान घालून मुदत पुरी कर, मग ताठ मानेने बाहेर ये. तुझ्या आईकडे बघ जरा.”

त्याने पेला विसळून पालथा घातला. मग म्हणाला, “आईपण हेच म्हणते. मला वाटलं होतं, तू तरी वेगळं बोलशील.”

आतून टणटण झाली. तो धावतच गेला. दार लागलं. मावशी ओट्याला टेकून उभी राहिली, डोळ्याला पदर लावून. जरा वेळाने बंद दाराआडून त्याचा आवाज आला.

“मावशी, दिला गं होकार. तीन वर्षं.”

“शहाणं माझं बाळ!” ती ओरडून म्हणाली आणि डोळे पुसून बाहेरच्या खोलीत आली. झालं ते झालं. निदान एकाचं तरी भलं करता येईल. तिने धाकट्याच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि टीव्ही बंद केला.

“ऊठ. दोन कपडे भर पिशवीत. दुकान आजपासून तुझं. दुपारच्या गाडीने चल माझ्याबरोबर.”

धाकटा तंगड्या आवरून उठून बसला.

“मावशी, दादाला न्यायचं ना! त्याला ती नोकरी सोडायचीच होती,” तो म्हणाला. “मला कोर्ट कुठे दाराबाहेर पाऊल टाकू देतंय?”