नवनाथांतलं एक नाव

"बन्सी," मशीन म्हणालं.

"ह्यो आमचा न्हाई," बायडाबाई म्हणाल्या.

अंगदने ती ओळ पुन्हा ऐकली. जन्मापासून त्याला दिसत नव्हतं. कर्जतच्या या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवरचा मजकूर मशीनकडून वाचून घ्यायचा आणि शुद्धलेखन तपासायचं, हे त्याचं काम. लग्न असो की दहावा, मशीनचा आवाज एकच. सकाळपासून तो ऐकून त्याचं डोकं भणभणलं होतं.

चूक कशी झाली ते त्याला कळलं. दुकान चालवणारे शाहबाजभाई कुठलीच पत्रिका कधी नव्याने करत नसत; जुन्या फाईलवरच नवा मजकूर चढवायचा. बायडाबाईंच्या नवऱ्याच्या दहाव्याच्या या पत्रिकेत त्यांनी आडनाव बदललं, गाव बदललं, वार बदलला आणि मयताचं नाव मागच्याच माणसाचं ठेवून फ्लेक्स बांधायला निघून गेले. अंगदने त्यांना फोन लावला, तर तो टेबलावरच वाजला.

"मावशी, तुमच्या मालकांचं नाव सांगा."

"कागदावर हाय की."

"मला कागद वाचता येत न्हाई."

"मला बी न्हाई येत."

त्याने कागद मोबाईलसमोर धरून पाहिला. छापलेलं असतं तर मोबाईलने वाचलं असतं. पेनाने खरडलेलं त्याला लागेना. बाईंचा मुलगा त्यांना सोडून पत्रावळ्या आणायला गेलेला. शेजारची दुकानं जेवायला बंद. पत्रिका घेऊनच बाईंना गावची एसटी धरायची होती, आणि दहावा परवावर आला होता.

"मग सांगा ना."

बाई गप्प. हे गप्प बसणं अंगदच्या ओळखीचं होतं. त्याच्या आईनेही नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. रेशन दुकानात कुणी विचारलं की ती अंगदला पुढे करायची.

"नवनाथांतलं हाय," शेवटी बायडाबाई म्हणाल्या. "तू एकेक नाव घे, मी सांगते."

अंगदने उसासा टाकला. "मच्छिंद्रनाथ?"

बायडाबाईंनी मान हलवली, नाही म्हणून.

"गोरक्षनाथ?"

त्यांनी मान डोलावली.

"जालिंदरनाथ?"

त्यांनी घाईघाईने हात केला, मागे फिर असा. पण अंगद पुढेच गेला. कानिफनाथ, चरपटीनाथ, असं करत थेट नवव्या नागनाथापर्यंत. एकेक नाव घ्यायचं, थांबायचं, ऐकायचं. पलीकडून हुं की चूं नाही. शेवटी त्याने खुर्चीला पाठ टेकली.

"संपले नाथ, मावशी. एकाला तरी हो म्हणायचं."

"म्हनले की! मान हालवली न्हाई का?"

"मला दिसत न्हाई."

"आगं बाई," त्या म्हणाल्या. "मशीनवर बोटं कशी भराभरा चालत्यात तुझी. इसारलेच बघ मी."

"असू द्या. परत घेतो. मच्छिंद्रनाथ?"

"बास कर," त्या एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "मघापासनं त्यांच्या जागी दुसऱ्यांचीच नावं ऐकतीया."

पदर सारखा केल्याची सळसळ अंगदला ऐकू आली.

"गोरक्षनाथ."

अंगदने बन्सी खोडलं आणि टाइप केलं. बाणाचं बटण दाबत तो अक्षरामागून अक्षर तपासत गेला. मशीनने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, मग अख्खं नाव घेतलं, वार आणि गाव सांगावं तसं.

"आसं न्हाई," बायडाबाई म्हणाल्या.

अंगदचा हात थबकला. "चुकलं का काही?"

"न्हाई. अक्षर बरोबर आसंल."

अंगदने छपाईची आज्ञा दिली. कोपऱ्यातलं यंत्र घरघरलं आणि पत्रिका एकेक करून बाहेर पडू लागल्या.

तेव्हा त्या आवाजाआड बायडाबाईंनी ते नाव पुन्हा घेतलं, हळूच, जेवायला हाक मारावी तसं.