उसनं दुखणं

किसन बॅग भरत होता आणि महिपती खालच्या पलंगावरून बघत होता. परवाच्या विमानाचं तिकीट कंपनीनं किसनच्या हातात ठेवलं होतं. सोबतच्या कागदावर एकच शब्द ठळक होता : अनफिट.

दुखणं किसनचं नव्हतं. ते महिपतीचं होतं.

पाय सुजायला लागले तसे महिपतीनं बूट मोठे घेतले आणि तोंड मिटलं. कंपनीचा दवाखाना फुकट होता. पण तिथं सूज दाखवायला गेलेला माणूस थेट गावाकडच्या विमानात बसायचा. म्हणून आखातातल्या त्या मजुरांच्या कॅम्पात एक रीत पडली होती. ज्याचं दुखतंय त्यानं दुखणं शिकवायचं, धडधाकट माणसानं ते डॉक्टरपुढं म्हणून दाखवायचं आणि गोळ्या आणायच्या. धडधाकट माणसाला कोण अनफिट लिहितंय? महिपतीनं किसनला जात्यावरची ओवी शिकवावी तसं आपलं दुखणं शिकवलं. सकाळी पापण्या कशा जड होतात, लघवीला फेस कसा येतो, चार पायऱ्या चढलं की धाप कशी लागते. किसननं ते घोकून घोकून तोंडपाठ केलं.

परांचीवर दोघांची जोडी होती. एकानं पाइप धरायचा, दुसऱ्यानं आवळायचा. वर्ल्ड कप जवळ येत चालला तशी कामाची घाई वाढली होती, आणि स्टेडियमच्या छतावर ऊन जणू वस्तीला आलं होतं. पाणी मात्र दोघंही बेतानंच प्यायचे. प्यायलं की खाली उतरावं लागे, आणि उतरलं की फोरमनचं 'यल्ला, यल्ला', चला, उरका, पाठीला लागे.

दवाखान्यात गेला त्या दिवशी किसन गोळ्यांबरोबर एक गोष्टही घेऊन आला. डॉक्टर सुरय्या लंडनला शिकलेल्या, हिंदीत बोलणाऱ्या, मायाळू बाई. तपासता तपासता त्यांनी सांगितलेलं किसननं चहा पिताना सगळ्या खोलीला सांगितलं. म्हणे तिकडं लंडनच्या देशातही आधी ज्याची ऐपत त्याचाच डॉक्टर. मग मोठं युद्ध आलं. शहरांवर बॉम्ब पडणार, जखमींची रीघ लागणार, म्हणून सरकारनं दवाखाने आपल्या हाताखाली घेतले. ढिगाऱ्यातून काढलेल्याला कुणी ऐपत विचारत बसलं नाही. शहरातले मोठे डॉक्टर आडगावच्या दवाखान्यांत गेले. तिथली माणसं त्यांनी पहिल्यांदा हात लावून बघितली आणि ते हादरले. ज्यांच्या गावावर एकही बॉम्ब पडला नव्हता, ती माणसंसुद्धा आतून ढासळलेली होती. युद्ध संपलं, पण लोक म्हणाले, आता मागं फिरायचं नाही. तेव्हापासून तिथं दवाखाना सगळ्यांना फुकट.

"म्हणजे आधी डोक्यावर बॉम्ब पडाया पाहिजे," महिपती म्हणाला होता.

"आपल्याला बिनबॉम्बाचाच मिळालाय की, दादा. गप गोळी गिळ."

खोली खळखळून हसली होती. आठवडाभरानं तो कागद आला.

किसननं एका शब्दानं बोल लावला नाही. तू लई झ्याक शिकवलंस दादा, एवढंच म्हणाला आणि हसायला गेला. ते हसू काही नीट उमटलं नाही. परक्या मुलखात आभाळाएवढं छत बांधणाऱ्या त्या पोराच्या गावाकडच्या भिंती अजून उघड्याच होत्या. महिपतीला ते माहीत होतं. आपली संजीवनी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हेही माहीत होतं. पण लेकीच्या शिक्षणाखाली दुसऱ्याचं घर गाडायचं, हे त्याच्या जिवाला मानवेना.

बॅगेची चेन लागली तसा तो उठला. सुजलेले पाय बुटांत कोंबले. कुठं निघालास, किसननं विचारलं. आलोच, म्हणाला.

दवाखान्याची पायरी तो पहिल्यांदाच चढत होता. ज्या दाराला इतके दिवस भ्यायला, ते आज त्यानं आपल्या हातानं लोटलं. डॉक्टर सुरय्यांनी खुर्ची दाखवली. तो बसला नाही.

"किसननं तुम्हाला सांगितलं ते दुखणं माझं आहे," तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. "मीच त्याला पढवून पाठवला होता. अनफिट मला लिहा. त्याला राहू द्या."

त्यानं बूट काढला, पँट वर केली. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. महिपतीला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. कुणाचं उसनं आणलेलं परत करताना वाटतं तसं. आता विमान आपलं, नोकरी त्याची. त्यानं हात जोडले.

डॉक्टरांनी तो खड्डा पुन्हा एकदा बोटानं चाचपला. मग त्यांनी आपल्या हातानंच त्याची पँट खाली सारली, लेकराची सारावी तशी.

"त्यानं काय सांगितलं त्यावरून मी काहीच लिहिलं नव्हतं, भाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी त्याचं रक्त तपासलं होतं."