माळावरची गाडी

"आठशे." रॉसने बॉनेट धाडकन आपटलं. "त्याहून एक डॉलर वर नाही."

नेरिडाने किल्ल्या या मुठीतून त्या मुठीत केल्या. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. किराणा दुकानाबाहेरच्या फळ्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहून लावलं होतं : पांढरी वॅगन, रस्त्यावर चालवायला लागणारा सुरक्षिततेचा दाखला नाही, जशी आहे तशी, पंधराशे. चार दिवसांत हा एकच माणूस उगवला होता, मागे ट्रेलर जोडून आणि लेकीला बरोबर घेऊन. तिकडे होबार्टला नेरिडाच्या बहिणीचं ऑपरेशन शुक्रवारी होतं. गाडी विकली गेली तरच विमानाचं तिकीट.

"आठशेत हिचे टायरसुद्धा येत नाहीत," नेरिडा म्हणाली.

"टायर?" रॉसने टोपी काढून डोकं दाखवलं. "त्यांना माझ्यासारखं टक्कल पडलंय. सीट फाटलीय, रेडिओ मुका, मागचं दार दोरीने बांधलेलं. आणि आत कुत्र्याचा वास. तोही किमतीत धरलाय का, बाई?"

"कुत्रा गेला गेल्या वर्षी. वास फुकट घे."

लेक खुदकन हसली. टेगन तिचं नाव, असेल सतराएक वर्षांची. गाडीला प्रदक्षिणा घालून झाल्यावर ती आता पाठीमागची काच शर्टाच्या बाहीने पुसत होती.

"करणार काय आहेस हिचं?" नेरिडाने विचारलं. हा प्रश्न विचारायला ती मघापासून कचरत होती.

"माळावर पिटाळणार, दुसरं काय? दाखला नसलेली गाडी काय चर्चला न्यायची?"

नेरिडाचा जीव भांड्यात पडला. इथे प्रत्येक शेतावर असा एक खटारा असतोच. पोरं कुंपणाच्या आत त्याच्यावर हात साफ करतात, वासरं हाकतात, आणि एक दिवस तो झाडाखाली गंजायला जातो. मग गॅरेजवाला डग पुढच्या डाव्या चाकाबद्दल काय म्हणाला ते सांगायची गरजच काय? 'रस्त्यावर वेगात असताना हे चाक निखळलं ना नेरिडा, तर देवाचं नाव घ्यायलाही वेळ मिळायचा नाही,' असं तो म्हणाला होता. पण ते रस्त्यावर. माळावर फार तर वारुळाला धडकेल. चार दिवस ती स्वतःला हेच बजावत आली होती.

"नऊशे," ती म्हणाली. "आणि आता एक शब्द बोलू नकोस."

रॉसने आभाळाकडे पाहिलं, तोंडावरच्या माश्या हाकलल्या आणि हात पुढे केला. तिने तो दाबला. इकडे हात मिळवला की विषय संपला, कागद मागाहून होतात.

रॉस गाडी चढवायच्या फळ्या ट्रेलरला लावायला फाटकाकडे गेला. टेगन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला. मग तिने खिशातून लाल 'पी'चा चौकोनी स्टिकर काढला, नव्या लायसनवाल्यांना रस्त्यावर लावावाच लागतो तो, आणि समोरच्या काचेच्या कोपऱ्यात धरून पाहिला.

नेरिडा खिडकीपाशी आली.

"माळावर कशाला गं हा?"

"माळावर?" टेगनला हसू आलं. "मला किंगरॉय गावातल्या बेकरीत नोकरी लागलीय. पहाटे चारला हजर व्हायचं असतं. डॅडचा एक मित्र आहे, तो दाखला देतो म्हणालाय. गाडी तपासायचीपण गरज नाही म्हणे." तिने स्टिकर काचेला चिकटवला आणि अंगठ्याने नीट दाबला. "छान दिसतो ना?"

छान दिसत होता, हेच वाईट. नेरिडाने फाटकाकडे पाहिलं, मग मुठीतल्या किल्ल्यांकडे. कालचा फोनवरचा बहिणीचा आवाज आठवला. हात मिळवून झाला होता. आता फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. तेवढंही आपल्याच्याने होत नाही, याचा तिला मनापासून राग आला.

"उतर खाली," ती म्हणाली.

तिने शेडमधून जॅक आणला आणि पुढची डावी बाजू चाक अधांतरी होईपर्यंत उचलली. टेगनचे दोन्ही हात धरून टायरवर ठेवले, एक वर, एक खाली.

"हलव."

टेगनने हलवलं. आत कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटलं. तिने पुन्हा हलवलं. पुन्हा तोच आवाज. चाक दुधाच्या दातासारखं डुगडुगत होतं.

"हे कधीही निखळेल, पोरी," नेरिडा म्हणाली. "मला माहीत होतं. चार दिवस झाले."

आवाज ऐकून रॉस आला. वाकला. त्यानेही चाक धरून एकदा हलवून पाहिलं. मग हात पँटला पुसत सरळ उभा राहिला.

"मग सातशे," तो म्हणाला.

नेरिडा त्याच्याकडे बघतच राहिली. टेगन काचेपाशी गेली आणि स्टिकरचा कोपरा नखाने उचकटू लागली. तो पक्का बसला होता, बराच वेळ लागला.

एवढी शांतता रॉसला सोसवेना. समोरचा गप्प बसला की भाव वाढवून मागतोय, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"बरं बाई, साडेसातशे," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा हात पुढे केला.

नेरिडाने किल्ल्या खिशात टाकल्या. रॉसचा हात तसाच राहिला. टेगन आली आणि चुरगळलेला लाल 'पी' तिने त्या हातावर ठेवला.