उद्याची ओळ

“आज: तळाला पाय टेकले. उद्या: दम लागणारच नाही.”

कृष्णवेणी टीचरनं ती ओळ परत एकदा वाचली. वही उचलली आणि चपला घालायच्या विसरून तशीच बाहेर पडली.

दुपारची सुट्टी संपत आली होती. मागून हेडमास्तर नारायणस्वामी ओरडले, “अहो टीचर, वर्ग कोण बघणार?” ती थांबली नाही. तिच्या वर्गाकडे कुणाला बघावं लागत नसे. तेच तर तिचं वेड होतं.

चौथीतल्या प्रत्येक पोराला तिनं एक वही दिली होती. रोज दोन ओळी लिहायच्या. आज काय शिकलो, उद्या काय शिकणार. ठरवायचं पोरांनी. टीचर त्यात एक अक्षर लिहिणार नाही, एक अक्षर खोडणार नाही. फक्त खाडा नको. आजारी पडलात तर घरून सांगा, भावंडानं लिहून आणायचं. गोवरानं पडलेल्या व्यंकटनं अंथरुणात बाराचा पाढा पाठ केला होता, आणि वही भरली त्याच्या बहिणीनं.

“शिकणं ज्याचं त्याचं,” कृष्णवेणी म्हणायची.

“मग शाळेच्या चाव्यापण त्यांनाच देऊन टाका,” नारायणस्वामी म्हणायचे. पण पोरं शिकत होती, म्हणून गप्प बसायचे.

गेल्या वर्षी सईबाई ह्याच वर्गात होती. टीचरसारखीच तंजावरकडच्या मराठी घरातली, मोठी चुणचुणीत. दिवाळीनंतरच्या पावसानं मद्रासच्या विहिरी तुडुंब भरल्या होत्या. एके दिवशी शाळा सुटल्यावर सगळी पोरं पळाली, आणि ती एकटी वही घेऊन टेबलाशी उभी राहिली.

“उद्या मी विहिरीत पोहायला शिकणार. टीचर, लिहू ना?”

“मला काय विचारतेस? वही तुझी, शिकणं तुझं.”

दुसऱ्या दिवशी सई विहिरीत उतरली, ती जिवंत वर आली नाही. टेबलाशी झालेलं ते बोलणं कृष्णवेणीनं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही.

यंदा धाकटी सुंदरी चौथीत आली. बहिणीचीच वही घेऊन, उरलेली पानं भरायला. कोरी पानं वाया कशाला, म्हणून आईनं दिली असेल. टीचर ती वही सगळ्यात शेवटी वाचायची, आणि मागची पानं कधीच उलटायची नाही.

वह्या दर गुरुवारी गोळा व्हायच्या. आज शुक्रवार. सुंदरी आली नव्हती, आणि वहीत हे असं. सोमवारी, दम रोखून तीस आकडे मोजले, उद्या साठ. मंगळवारी साठ. बुधवारी, पाण्यात डोळे उघडे ठेवले, झोंबत नाही, उद्या तळ. आणि मग कालची ती ओळ.

मांबलमचं रेल्वे फाटक बंद होतं. तापलेल्या रस्त्यावर ती अनवाणी उभी राहिली. रुळांपलीकडे, वेस्ट मांबलमला, तिसऱ्या गल्लीत सुंदरीचं घर. इलेक्ट्रिक गाडी आली, गेली, तरी फाटक उघडेना. मग तिच्या लक्षात आलं की ती दम रोखून आकडे मोजतेय. साठाला फाटक उघडलं.

दारात राजसबाई, सुंदरीची आई, तांदूळ निवडत बसली होती.

“या की टीचर! आणि पाय असे उघडे?”

“सुंदरी कुठाय? विहिरीत तर नाही ना?”

“अय्यो, असलं बोलू नका.” राजसबाईच्या हातातलं सूप थांबलं. “विहिरीवर तेव्हापासून फळ्या ठोकल्यात. मोठे मोठे खिळे मारलेत. आणि ही उतरणार पाण्यात? डोक्यावरून अंघोळ म्हटलं की घर डोक्यावर घेते. मागं बसलीय परसात. ताप नाही, काही नाही. म्हणते, आज काम आहे.”

कृष्णवेणीच्या जिवात जीव आला. आणि मग असा राग चढला की बस. म्हणजे सगळ्या थापा! आता हिचा कानच पिळते, म्हणत ती परसात गेली.

सुंदरी विहिरीवरच्या फळ्यांवर पालथी पडली होती. परकर कोरडा, वेण्या कोरड्या. कान फळीला लावलेला.

“काय गं थापाडे! पाण्याला भितेस, आणि वहीत काय काय लिहितेस?”

“शू!” सुंदरीनं न बघताच हात पुढं केला. “वही आणलीत? बरं झालं. आजचं राहिलंय.”

कानामागची पेन्सिल काढून तिनं टोक जिभेला लावलं. कान परत फळीला. “हळू सांग गं, अक्का,” ती म्हणाली, आणि लिहायला लागली.

“आज: फळीला हात लागला.”

फळ्यांखाली टक्‌ टक्‌ झालं. कासव असेल, कृष्णवेणीनं मनाशी म्हटलं. विहिरीत कासवं असतात.

“मी कुठं शिकते, टीचर?” सुंदरी म्हणाली. “शिकते अक्का. तिला शाळेत येता येत नाही, म्हणून मी लिहून आणते. व्यंकटच्या बहिणीला तुम्हीच सांगितलं होतं ना तसं?”

मग तिनं ‘उद्या’ लिहिलं आणि थांबली. ऐकलं. मान डोलावली. कुणीतरी खाऊ देतो म्हणावं तशी हसली.

“उद्या ती मला शिकवणार,” सुंदरी म्हणाली. “पण आधी तुम्हाला विचार म्हणते. टीचर, लिहू ना?”