ओळखीचं पत्र

कुमुदिनीबाईंनी संगणकातला लेखन-मदतनीस तीन ठिकाणी शोधून बंद केला. गेली नऊ वर्षं लेकाला जाणारी त्यांची पत्रं तोच सजवत होता. यंत्रं माणसांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून फसवू लागल्यापासून फोन कुणी उचलतच नव्हतं. आज त्यांनी स्वतः टाइप केलं, "श्रीरंग, सोमवारी ऑपरेशन आहे. मला भीती वाटते. ये रे."

लगेच उत्तर आलं, "कोण तुम्ही? माझी आई असं लिहीत नाही. पुन्हा लिहिलंत तर पोलिसांत जाईन."

बाईंनी मदतनीस पुन्हा चालू केला. त्याने तीच वाक्यं सुधारली आणि पाठवूनही दिली, "चि. श्रीरंग, अनेक आशीर्वाद. सोमवारी किरकोळ तपासणी आहे. काळजी नसावी. सवडीने ये."

श्रीरंगने लिहिलं, "आई, आत्ताच कुणीतरी तुझं नाव लावून रडकं पत्र पाठवलं होतं. हे मात्र तुझंच, लगेच ओळखलं."