एकोणचाळीस केबी

एक्स्पोर्ट केलेली फाईल पाचव्यांदाही एकोणचाळीस केबीचीच निघाली. दिगंबररावांनी क्वालिटी शंभरावर नेली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं, शेवटी संगणकाला शिव्याही घातल्या. परवा बायकोचा, कुमुदताईंचा, तेरावा होता आणि भिंतीवर तिचा मोठा फोटो हवा होता.

"बाबा, सॉफ्टवेअर ठीक आहे," सून म्हणाली. "एवढ्या मोठ्या ग्रुप फोटोतून आईंचा चेहरा तेवढा कापलात तुम्ही. नखाएवढ्या तुकड्याची फाईल मोठी कुठून होणार?"

"मग दुसरा शोध."

"तीन दिवस तेच करतेय. चाळीस वर्षं गावभरच्या लग्नांचे फोटो काढलेत, आईंचा एकटीचा एक फोटो नाही. आधार कार्डावरचा लावू?"

"त्यात ती पकडून आणल्यासारखी दिसते."

दोघंही हसली. दर लग्नात कुमुदताई फ्लॅशची पांढरी छत्री धरून उभ्या असत. "माझा काढा की एक," त्या म्हणत. "आधी गिऱ्हाईक," दिगंबरराव म्हणत. या एकाच फोटोत त्या चुकून आल्या होत्या, म्हणून दिगंबररावांनी तो बादही केला होता.

त्यांनी अख्खा फोटो एक्स्पोर्ट केला. फाईल लगेच अठरा एमबीची झाली.

तेराव्याला भिंतीवर परक्यांच्या लग्नाचा चार फुटी फोटो लागला. त्याला हार घातला.

"यातलं गेलं कोण?" एका पाहुण्याने हळूच विचारलं.

दिगंबररावांनी उठून हार बाजूला सरकवला. उजव्या कोपऱ्यात कुमुदताई त्याखाली झाकल्या गेल्या होत्या.